सापांचं देशांतर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पावसाळ्याच्या तोंडावर कुंडीतली माती बदलताना किंवा मोरीच्या कडेला वीतभर लांबीचं, काळसर, चकचकीत असं काहीतरी वळवळताना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आपण आधी म्हणतो, गांडूळ. मग त्या गांडुळातून बारीकशी जीभ बाहेर येते आणि घरात एकच गलका होतो, ‘सापाचं पिल्लू! आता मोठा इथंच कुठंतरी असणार.’ मोठा कुठंच नसतो. हाच तो मोठा. पूर्ण वाढलेला. आपल्याकडे त्याला वाळा म्हणतात.

श्रोतेहो, आज मला दोन सापांची हकीकत सांगायची आहे. त्यातला हा पहिला. दुसरा आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर आहे. दोघंही माणसाच्या सामानातून परमुलखात गेले. पहिल्याची कुणी फारशी दखलही घेतली नाही. दुसऱ्यानं मात्र एक अख्खं जंगल मुकं करून टाकलं, आणि ते कुणी केलं हे कळायला माणसाला जवळपास चाळीस वर्षं लागली.

आधी वाळ्याचं बघू. त्याचे डोळे म्हणजे खवल्यांखाली दिसणारे दोन काळे ठिपके. उजेड आहे की अंधार, एवढं कळण्यापुरते. शेपटी बोथट, टोकाला बारीक काटा. त्यामुळं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे चटकन उमगत नाही. हातात धरलं तर तो हा काटा रुतवतो आणि लोक म्हणतात, साप डसला. विष तर नाहीच, तोंडही इतकं लहान की माणसाला चावायचं म्हटलं तरी जमणार नाही. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष हा त्याचा आहार. म्हणजे ज्या बागेत तो सापडला म्हणून आपण केरसुणी घेऊन धावतो, त्या बागेचं तो भलंच करत असतो.

या सापाची कागदोपत्री पहिली नीट नोंद केली ती पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरानं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना त्यानं कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा केले. त्यांच्यावरचा त्याचा सचित्र ग्रंथ १७९६ साली निघाला. त्यात विशाखापट्टणमचा हा इवलासा साप आहे. त्या वर्णनावरून दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढं दीडशेहून अधिक वर्षं जगभरच्या संग्रहालयांत वाळ्यांच्या बरण्या जमत गेल्या आणि हळूहळू एक विचित्र गोष्ट लक्षात यायला लागली. नर सापडतच नव्हता. जो उघडून पाहावा ती मादी. १९८७ मध्ये त्याची गुणसूत्रं मोजून प्रसिद्ध झाली तेव्हा त्याचं कारण हाती आलं. एरवी प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. वाळ्यात तीन निघाले. या जातीत नर लागतच नाही. मादी दोनपासून सात-आठपर्यंत अंडी घालते आणि प्रत्येक अंड्यातून तिचीच जणू दुसरी प्रत बाहेर पडते.

आता याचा प्रवासाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. फार मोठा संबंध आहे. कुठलाही दुसरा साप परक्या बेटावर जाऊन पडला तर त्याला जोडीदार मिळायला हवा, नाहीतर पोटात अंडी घेऊनच त्यानं यायला हवं. वाळ्याला यांतलं काहीच लागत नाही. कुंडीच्या मातीत एक जण असला की पुरे. वसाहतींच्या काळात आणि त्यानंतरही रोपं, कलमं, शोभेची झाडं मातीसकट जहाजांतून जगभर फिरत राहिली आणि दक्षिण आशियातला हा साप त्यांच्यासोबत आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर, मादागास्करला, मेक्सिकोत, पॅसिफिकच्या बेटाबेटांवर गेला. हवाईत तो १९३० मध्ये दिसला, फ्लोरिडात १९७०च्या दशकात. इंग्रजीत त्याला ‘फ्लॉवरपॉट स्नेक’ असंच नाव पडलं आहे. जमिनीवरच्या सापांमध्ये एवढा पसरलेला दुसरा साप नाही. इतका हिंडूनही त्यानं कुठं मोठा उत्पात केल्याचं दिसलेलं नाही. मुंग्या आणि वाळवी बहुतेक ठिकाणी मुबलक, आणि हा मातीच्या वर फारसा येत नाही.

हाच वाळा पॅसिफिकमधल्या गुआम बेटावरही पोचला होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्या बेटावरचा तो एकमेव साप होता. मी सांगतो ती पुढची हकीकत या बेटाची.

गुआम म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढं बेट. तिथले मूळचे रहिवासी चामोरो. १५२१ मध्ये मॅगेलन तिथं टेकला, मग स्पॅनिश अंमल आला, १८९८ मध्ये बेट अमेरिकेकडे गेलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी ते घेतलं आणि १९४४च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं मोठ्या रक्तपातानंतर परत मिळवलं. लढाई संपल्यावर दक्षिण पॅसिफिकमध्ये जागोजागी पडलेलं लष्करी सामान आवरण्याचं काम निघालं. त्यातलं पुष्कळसं गुआममार्गे गेलं. न्यू गिनीच्या उत्तरेला मानूस नावाचं बेट आहे, तिथं अमेरिकी आरमाराचा मोठा तळ होता. रानात पडून राहिलेल्या त्या सामानात एक तपकिरी वृक्षसर्प दडून बसला असणार. एक म्हणजे अगदी एकच नव्हे, पण फार नव्हतेच. पुढं जनुकीय तपासणीतून निघालं की गुआमवरचे सगळे साप मानूसच्या बाजूच्या मूठभर पूर्वजांची संतती आहेत.

हा साप आपल्याला अगदी परका नाही. आपल्याकडच्या मांजऱ्या सापाचा तो सख्खा भाऊबंद, दोघांचं कुळ एकच. मांजरासारखी उभी बाहुली, मोठे डोळे, बारीक मान, झाडावर चढण्यात पटाईत, रात्रीचा फिरस्ता. विषाचे दात जबड्याच्या मागच्या बाजूला. विष सौम्य, मोठ्या माणसाला त्यापासून सहसा धोका नाही. आपला मांजऱ्या साधारण मीटरभर असतो, हा दोन मीटरच्याही पुढं जातो. पण मांजऱ्यानं आपल्या रानातले पक्षी संपवल्याचं कुणी ऐकलं आहे का? नाही. कारण आपल्याकडे सापांना खाणारे सर्पगरुड आहेत, मुंगसं आहेत, दुसरे साप आहेत. आणि आपले पक्षीही सापांच्या शेजारातच वाढले आहेत. सुगरणीचं घरटं आठवा. काटेरी बाभळीच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला लोंबणारं, खालून नळीसारखं तोंड असलेलं. नुसत्या हौसेनं कुणी इतका खटाटोप करत नाही. सापासारख्या शत्रूंशी हजारो पिढ्या गाठ पडल्यावर असलं स्थापत्य जमतं.

गुआमच्या पक्ष्यांच्या वाट्याला हा अनुभव कधी आलाच नव्हता. रात्री झाडावर चढून घरट्यात तोंड घालणारा प्राणी त्यांना ठाऊक नव्हता. पहिले साप १९५०च्या सुमाराला बंदराच्या आसपास दिसले. १९६०च्या दशकाअखेर ते बेटभर पसरलेले होते. त्याच सुमाराला दक्षिणेकडच्या रानांतले पक्षी कमी झाले. मग मध्य भागातले. उत्तरेच्या टोकाला चुनखडीच्या कड्यालगत थोडं जंगल होतं, तिथं ते सगळ्यांत शेवटपर्यंत टिकले, १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत.

मला या गोष्टीत सापापेक्षाही माणसाचं कुतूहल जास्त वाटतं. पक्षी जाताहेत हे दिसत होतं. कारण मात्र भलतीकडेच शोधलं जात होतं. युद्धानंतर डीडीटीची फवारणी भरपूर झाली होती, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर. हवाईत बाहेरून आलेल्या हिवतापानं पक्षी मेले होते, तेव्हा दुसरा संशय रोगावर. चक्रीवादळं आणि शिकार हीही नावं होतीच. सापावर मात्र जाणकारांचा विश्वास बसेना. आजवर कुठल्या सापानं कुठल्या देशातले पक्षी संपवले होते? असं उदाहरणच नव्हतं. म्हणजे जे आधी घडलं नाही ते घडू शकत नाही, असा हिशेब.

जुली सॅव्हिज ही तरुण संशोधक १९८०च्या दशकाच्या आरंभी गुआमवर कामाला लागली, तेव्हा तीही आधी रोगच शोधत होती. पक्ष्यांचं रक्त तपासलं, नमुने पाठवले, हाती काही लागलं नाही. स्थानिक लोक मात्र सापाचं नाव घेत होते. मग तिनं उलटी वाट धरली. साप पहिल्यांदा कुठं, कधी दिसला हे लोकांना विचारून विचारून मांडलं आणि त्याच्या शेजारी पक्षी कुठून, कधी नाहीसे झाले ते ठेवलं. दोन्ही एकमेकांवर बसले. पण एवढ्यानं पुरावा होत नाही. म्हणून तिनं पिंजऱ्यात लाव्हे ठेवून ते रानात लावले. पिंजऱ्याला साप आत शिरेल पण बाहेर पडणार नाही अशी वाट. सकाळी पाहावं तर लाव्हा नाही, आणि पिंजऱ्यात पोट फुगलेला साप. १९८७ मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला आणि एका सापानं बेटावरचे रानपक्षी नाहीसे केले हे शास्त्रानं मान्य केलं. तोवर बहुतेक पक्षी गेलेले होते.

हिशेब असा आहे. गुआमच्या बारा रानपक्ष्यांपैकी दहा बेटावरून गेले. उरले ते दोन. एक पाकोळी, ती गुहांत राहते. दुसरी साळुंकीच्या कुळातली एक जात, तीही मुख्यतः लष्करी तळाच्या वस्तीत. गुआमचा छोटा माशीमार तर जगातूनच गेला, कारण तो दुसरीकडे कुठंच नव्हता.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. भक्ष्य संपलं की भक्षकही उपाशी मरतो, हा निसर्गाचा नियम. मग पक्षी संपल्यावर साप का कमी झाले नाहीत? इथं सापाचं शरीर समजून घ्यायला हवं. आपण पोटात टाकतो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जातो. सापाला तो खर्चच नाही. बाहेरच्या उबेवर त्याचं भागतं, म्हणून एका जेवणावर तो आठवडेच्या आठवडे काढतो. दुसरं म्हणजे गुआमवर त्याच्यासाठी दुसरं ताटही वाढलेलंच होतं. घरातली पाल, आणि युद्धानंतर बाहेरून आलेली एक सापसुरळीसारखी जात, दोघींची तिथं रेलचेल. पिल्लं त्यांच्यावर वाढत, मोठे झाले की दिसेल तो पक्षी, अंडं, उंदीर. एका परक्यानं दुसऱ्या परक्याला पोसलं. ऐन भरात काही ठिकाणी एका हेक्टरात शंभरापर्यंत साप होते असा अंदाज आहे. अडीच एकरांत शंभर साप, कल्पना करून पाहा.

पक्षी नसलेलं जंगल कसं असतं? तिथं कोळ्यांची जाळी जिकडेतिकडे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पावसाळ्यात गुआमच्या रानात कोळी शेजारच्या बेटांच्या चाळीस पटींपर्यंत होते. चालणारा माणूस पुढं काठी फिरवत जाळी बाजूला करत जातो. फळं पिकतात आणि झाडाच्या बुंध्याशीच पडतात, कारण बी दूर नेऊन टाकणारं कुणी उरलेलं नाही. नवी रोपं घटली आहेत. गावांतही साप स्वस्थ नव्हता. विजेच्या खांबाला दिलेल्या ताणाच्या तारेवरून तो वर चढे, दोन तारांना टेके, आणि अख्ख्या वस्तीची वीज जाई. १९७८ ते १९९७ या वीस वर्षांत असे सोळाशेच्यावर प्रकार नोंदले गेले. रात्री पाळण्यात झोपलेल्या तान्ह्या बाळांना चावल्याच्या घटना झाल्या, त्यांतल्या काहींना श्वास घेणं अवघड होऊन रुग्णालयात ठेवावं लागलं.

मंडळी, आपण भारतीय माणसं. साप म्हटला की आपल्याला मुंगूस आठवतं. मग गुआमवर मुंगूस का सोडलं नाही? सुदैवानं नाही सोडलं. कारण हा प्रयोग दुसरीकडे होऊन गेला होता, आणि त्यातली मुंगसं आपल्या देशातूनच गेली होती. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसाच्या मळ्यातल्या उंदरांसाठी. तिथून त्यांची प्रजा १८८३ मध्ये हवाईत गेली. १९१० मध्ये जपान्यांनी गंगेच्या मुखाकडची मुंगसं ओकिनावाला नेली ती खास ‘हाबू’ नावाच्या तिथल्या विषारी सापासाठी. हाबू रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडायची कशी? मुंगसानं सापाऐवजी तिथले दुर्मिळ पक्षी खाल्ले. एवढं होऊनही १९७९ मध्ये शेजारच्या आमामी बेटावर पुन्हा तीसेक मुंगसं सोडली गेली. तिथं त्यांनी तिथल्या पुरातन जातीच्या काळ्या सशाला घेरलं. ती संपवायला पुढं पथकं नेमावी लागली, सापळे लावावे लागले, कुत्रे शिकवावे लागले. शेवटचं मुंगूस गेल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आमामीचा हाबू अर्थात तिथंच आहे. तो तिथलाच.

गुआमवर उपाय सापडला तो आपल्या घरोघरच्या औषधाच्या डब्यातला. पॅरासिटामॉल. तापाची गोळी, आपण क्रोसिन म्हणून घेतो तीच. ८० मिलिग्रॅम, म्हणजे लहान मुलाची मात्रा या सापाला पुरते. रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते आणि साप मरतो. हा साप मेलेलं भक्ष्यही खातो, हे त्याचं वैशिष्ट्य इथं उपयोगी पडलं. मेलेल्या उंदराच्या पिल्लात गोळी घालायची आणि कागदी फितीला बांधून हेलिकॉप्टरमधून सोडायची. फीत झाडाच्या शेंड्यात अडकते, उंदीर लोंबकळत राहतो. डिसेंबर २०१३ मध्ये असे दोन हजार उंदीर एका खेपेला टाकले गेले. बाकी बंदर आणि विमानतळावर जाणाऱ्या मालाचा वास घेणारे कुत्रे आहेत, रात्री विजेऱ्या घेऊन कुंपणं तपासणारी माणसं आहेत. हे सगळं चालूच आहे. साप कमी होतो, जात नाही.

आणि हा साप नवं नवं दाखवतो. साळुंकीच्या कुळातला तो जो पक्षी उरला आहे, त्याच्या घरट्यांच्या पेट्या खांबांवर बसवून खांबाला जाड धातूचा गुळगुळीत नळा चढवला, साप चढू नये म्हणून. एका रात्री कॅमेऱ्यात दिसलं की सापानं नळ्याभोवती आपल्या अंगाचा फास घातला आणि तो आवळत आवळत तो वर सरकतो आहे. साप असा चढतो हे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. २०२१ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला, आणि लिहिणाऱ्यांत जुली सॅव्हिज होती.

अशाच आणखी एका आगंतुक सापाच्या मागावर आपली माणसं गेली होती, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्लोरिडाच्या दलदलीत ब्रह्मदेशी अजगर माजला आहे. तो जहाजातून चुकून आलेला नाही, हौसेनं पाळायला आणलेला आणि मग सुटलेला किंवा सोडलेला. २०१२च्या पाहणीत तिथले रॅकून शेकडा ९९ कमी दिसले. अजगर इतका दडून राहतो की शेजारून गेलात तरी दिसत नाही. जानेवारी २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठानं तमिळनाडूतले दोन इरुळा, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल, यांना बोलावलं. पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच त्यांनी तेरा अजगर काढले. गवत कुठं दबलं आहे, विष्ठा किती दिवसांची आहे, हे ते वाचत. २०२३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. मला त्यात समाधान वाटतं, आणि थोडं आश्चर्यही. सापांच्या कातड्याचा धंदा १९७०च्या दशकात कायद्यानं बंद झाला तेव्हा याच जमातीवर उपासमारीची पाळी आली होती. १९७८ मध्ये सहकारी संस्था काढून ते प्रतिविषासाठी सापाचं विष काढू लागले, आणि ती विद्या टिकली.

गुआमच्या पक्ष्यांचं पुढं काय झालं? १९८०च्या दशकात उरलेसुरले पकडून ठेवले होते. ‘कोको’ नावाचा, उडता न येणारा पाणकोंबडीसारखा पक्षी, तो एकवीस जणांपासून वाढवला. शेजारच्या रोटा बेटावर आणि कोकोस या चिमुकल्या बेटावर सोडला. २०१९ मध्ये तो ‘जंगलातून नामशेष’ या यादीतून बाहेर आला. अशी परत फिरलेली फार थोडी पाखरं आहेत. आणि २०२० मध्ये त्याच कोकोस बेटावर तपकिरी वृक्षसर्प सापडला. गुआमपासून बेट जेमतेम दोन-अडीच किलोमीटर.

सिहेक हा तिथला खंड्या, दालचिनीच्या रंगाचा. एकोणतीस पक्षी पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत ठेवले होते. १९८८ नंतर रानात एकही नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या वंशातले नऊ पक्षी पुन्हा मोकळ्या आभाळात सोडले, पण गुआमवर नव्हे. हवाईच्या दक्षिणेला सोळाशे किलोमीटरवर पाल्मायरा नावाचं निर्जन प्रवाळबेट आहे, तिथं. सिहेक तिथं पूर्वी कधीच नव्हता. त्या बेटावर तो परकाच आहे.